पाऊस हटेना, गोल्फचं मैदान चिबडलं, काय करावं?

हरळीवाला | १९ सप्टेंबर २०२५

राम राम मंडळी. इथं क्रिकेटच्या मैदानांवर, गच्चीवरच्या बागेवर, अगदी बोन्सायवरसुद्धा धागे आहेत. गोल्फवर एकही दिसला नाही म्हणून काढायलोय. संभाजीनगर ते पैठण पट्ट्यात एक छोटं खाजगी मैदान आहे, नऊ होलचं. त्याची देखभाल माझ्याकडं. नाव विचारू नका.

मेच्या शेवटी पाऊस आला तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते. मधे उघडीप झाली, पण ऑगस्टच्या मध्यापासून जी झड लागली ती लागलीच. फेअरवे, म्हणजे खेळायचे मधले लांब हिरवे पट्टे, सगळे काळ्या मातीचे. तीन-चार फूट काळी, मग चुनखडी, मग मुरूम. आठ-आठ दिवस वाफसा नाही. बसून चालवायचं मशीन घातलं की चाकोऱ्या पडतात, नाही घातलं तर हरळी घोट्याच्या वर. चार नंबरचा फेअरवे तर पूर्ण चिबडलाय, पाय टाकला की बूट ओढून काढावा लागतो.

ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचं, दुखणं वेगळंच. सहा ग्रीन जुने, म्हणजे इथलीच माती ओढून उंचवटा केला आणि वर्षानुवर्षं वरून बारीक वाळूचा हात देत आले. तीन नवे. वर फूटभर वाळू, खाली चार इंच खडी, त्याखाली भोकाचे पाईप, सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि जुने सहा बरे हायेत, नव्यातला सात नंबर मरायलाय! सकाळी लवकर गेलं की तेलकट डाग दिसतात, रुपयापासून ताटाएवढे, त्यावर पांढरे तंतू. ऊन चढलं की तंतू गायब आणि खालचं गवत तांबूस, चिकट. आज होल कटरनं एक गोळा उपसला. वरचा दीड इंच ठीक, त्याखाली बोटभर जाड काळा पट्टा आणि वास कुजक्या अंड्याचा. मुळं त्या पट्ट्याला टेकून आडवी वळलीत, खाली एकही उतरलेलं नाही.

दिवाळीच्या आधी स्पर्धा घ्यायचीच असं वरून सांगणं आहे. आत्ता काय करू, आणि पाऊस गेल्यावर काय करू?

गोदाकाठ | १९ सप्टेंबर

इकडं सोयाबीन उमळून गेलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटायलेत, आणि धागा कशाचा तर गोल्फचा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, विसरलात का? त्या मुलखात हिरवळी पाहिजेत कशाला?

हरळीवाला | १९ सप्टेंबर

भाऊ, राग रास्त आहे. माझ्या घरचं सोयाबीनही पाण्यातच उभंय. पण इथं शेजारच्या वस्तीवरच्या बाया आणि पोरं कामाला येतात, मैदान बंद पडलं की त्यांची हजेरी बंद. हिरवळ असावी का नसावी यावर वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. एप्रिल-मेच्या पाण्याबद्दल माझं मत तुमच्यापासून फार लांब नाही.

परभणी_बीएस्सी | १९ सप्टेंबर

दादा, सात नंबरवर दोन वेगळी दुखणी आहेत. एकात एक मिसळू नका.

तेलकट डाग आणि पहाटेचे तंतू म्हणजे पिथियम, बुरशीचा रोग. रात्रीचं तापमान वीसच्या खाली उतरत नाही, पान रात्रभर ओलं, त्यात कोणी युरिया दिला असेल तर बघायलाच नको. हा पाण्याबरोबर वाहतो आणि मशीनच्या पात्याबरोबर फिरतो. डाग कापणीच्या दिशेनं ओळीत पडलेत का ते बघा, बहुतेक असतील. म्हणून सात नंबर सगळ्यात शेवटी कापा, पानं कोरडी झाल्यावर, आणि मशीन धुऊनच आत ठेवा. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब मारा, पुढची फवारणी फोसेटिलची. तेच तेच औषध मारत राहिलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. प्रमाण डब्यावरचंच, मजुराच्या अंदाजानं नको. नत्र पूर्ण बंद.

काळा पट्टा ही बुरशी नाहीच. पाणी साचलं, हवा संपली, मग बिनहवेत जगणाऱ्या जिवाणूंनी गंधकाचं सल्फाइड केलं, ते लोहाशी मिळून काळं झालं. औषधानं हा जाणार नाही, हवेनं जाईल. आणखी एक. हिरवा रंग यावा म्हणून बरेच जण हिराकस (फेरस सल्फेट) फवारतात. जुन्या सहा ग्रीनवर पातळ फवारा चालेल, सातवर अजिबात नको, कारण त्यात सल्फेट आहे. त्या जिवाणूंना आयतं खाद्य होईल.

आता मुद्द्याचं. फूटभर वाळू आणि खाली खडी असलेल्या ग्रीनमध्ये पाणी थांबतंय याचा अर्थ एकच, खालचा पाईप वाहत नाही. पाईपचं तोंड कुठं निघतं ते बघून सांगा.

वाळूघाट | २० सप्टेंबर

फेअरवेवर सरळ दोन इंच वाळू पसरा आणि रोटाव्हेटर मारून मातीत मिसळून टाका. आमच्या मंगल कार्यालयाच्या लॉनला असंच केलं.

परभणी_बीएस्सी | २० सप्टेंबर

नका करू हो. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की विटेचा गारा तयार होतो. वाळूचे कण एकमेकांना टेकले तरच मधे पाण्याला वाट राहते, आणि ते टेकायला निम्म्याहून कितीतरी जास्त वाळू लागते. एवढी वाळू फेअरवेच्या एकरांना आणायची कुठून? नुसती वर पसरली तरी भागत नाही, खाली माती तशीच बंद, वरची दोन इंच वाळू पाण्यानं भरून बसते.

मंगल कार्यालयाचं लॉन लग्नसराईत दिसतं, म्हणजे पाऊस नसताना. सप्टेंबरात जाऊन बघा एकदा.

वाळूघाट | २० सप्टेंबर

😀 बरं.

लातूर_क्युरेटर | २० सप्टेंबर

मी क्रिकेटचं मैदान बघतो. आम्ही खेळपट्टीसाठी जी काळी माती ट्रॅक्टरनं विकत आणतो ती तुमच्याकडं एकरानं पसरलीय आणि तुम्ही तिच्या नावानं बोटं मोडायलात. दुनियादारी हीच.

आता कामाचं सांगतो. ओल्या मातीवर रोलर फिरवू नका, कमिटीतलं कोणीतरी सुचवणारच. पोकळ दात्याचं भोकं पाडायचं मशीनही फेअरवेवर आत्ता घालू नका. ओल्या काळीत दाता गेला की भोकाच्या भिंती लोणी फिरवल्यागत गुळगुळीत होतात आणि त्यातून थेंब पलीकडं जात नाही. वाफसा येऊ द्या. वाळूच्या ग्रीनला मात्र भरीव दाते आत्ताही चालतील. मशीन नसेल तर काट्याची फावडी घेऊन चार माणसं लावा. टोचायचं, किंचित हलवायचं, काढायचं. माती उलटायची नाही.

प्लॅस्टिक अंथरायचा मोह होईल. आम्ही खेळपट्टी झाकतो कारण तिथं गवत वाढवायचं नसतं. तुमच्या ग्रीनवर रात्रभर प्लॅस्टिक राहिलं तर पिथियमला पांघरूण मिळालं.

कापणीची उंची वाढवा. ग्रीन साडेतीन-चार मिलिमीटरवर असेल तर पाचच्या पुढं न्या. बॉल हळू पळेल, पळू द्या. मोठं मशीन ठेवून द्या, हातानं ढकलायचं काढा. आणि वाढलेली हरळी एका दमात खाली आणू नका. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पान कापलं की खालचा पिवळा दांडा उघडा पडतो.

पुण्यातला_जालनेकर | २० सप्टेंबर

मी खेळणारा आहे, सांभाळणारा नाही, पण कमिटीला एक गोष्ट दाखवा. नियमांत याची सोय आहेच. २०१९ च्या नियमांपासून साचलेल्या पाण्याला 'तात्पुरतं पाणी' म्हणतात. पायाखाली पाणी वर दिसत असेल तर खेळाडूला दंडाशिवाय बॉल बाजूला घेता येतो. पाय दाबून पाणी काढून दाखवायचं नाही, आणि दव त्यात धरत नाहीत. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पाणी असेल तर बंकरच्या आतच फुकट सवलत, बाहेर यायचं तर एक दंडाचा फटका. चिबडलेला भाग पांढऱ्या रेषेनं 'दुरुस्तीखालची जमीन' म्हणून आखून टाका. फेअरवेवर बॉल उचलून पुसून ठेवायची परवानगी स्थानिक नियमानं देता येते. बग्ग्या बंद, सगळ्यांनी चालायचं. पाट्या लावल्या की लोक कुरकुर करतात आणि खेळतात.

गोदाकाठ | २१ सप्टेंबर

परवा रागात लिहिलं. पण एक विचारायचं राहिलंच. एवढ्या मैदानाचं पाणी जातं कुठं? कुणाच्या रानात?

हरळीवाला | २१ सप्टेंबर

नस पकडलीत. चार आणि सातच्या कडेनं एक नाला जातो. खालच्या अंगाला शेजाऱ्याचं रान. दुष्काळात त्यानं धुऱ्याला लागून माती टाकून नाला अर्धा बुजवला, तेवढंच पाणी अडेल म्हणून. त्याचंही चूक म्हणवत नाही, तेव्हा सगळीकडं हेच चालू होतं. आता पाणी त्याच्या भरावाला टेकतं आणि मागं फिरून आमच्या चार नंबरवर चढतं. भराव फोडला तर त्याची कपाशी जाते.

लातूर_क्युरेटर | २१ सप्टेंबर

हेच मला कधीचं कुठंतरी लिहायचं होतं, इथंच लिहितो.

पाणी अडवा, पाणी जिरवा ऐकत आपल्याकडं दोन पिढ्या वाढल्या. बरोबरच आहे ते, सरासरी ६७९ मिलिमीटरचा मराठवाडा आपला, त्यातही निम्मी वर्षं तेवढा पडत नाही. पण याच्यामुळं झालं काय, की शाळेचं मैदान असो, स्टेडियम असो, तुमचं गोल्फ असो, बांधणारा मे महिना डोळ्यापुढं ठेवून बांधतो. बोअर कुठं, टाकी कुठं, स्प्रिंकलर कुठं, यावर बैठका. पाणी बाहेर कुठून जाईल हे नकाशावरच नसतं. आमच्या इथं एक नवीन मैदान झालंय, चारी बाजूंनी भिंत आणि गेटपाशी सिमेंटचा उंबरा. पावसाळ्यात पोरं त्यात पोहतात.

आणि काळ्या मातीत पाणी जिरतं हा गैरसमज आहे. उन्हाळ्यात भेगा असतात तेव्हा पहिले एक-दोन पाऊस ती गटागटा पिते. एकदा फुगली, भेगा मिटल्या की तासाला काही मिलिमीटरसुद्धा घेत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की सरकार अतिवृष्टी धरतं. एका एकरावर तेवढा पाऊस म्हणजे अडीच लाख लिटरच्या वर पाणी. हे जिरणार नाही, वरून वाहूनच गेलं पाहिजे. शंभर फुटाला दीड-दोन फूट उतार पाहिजे आणि उताराच्या शेवटी मोकळं तोंड. शेतकऱ्याला हे कळलंय, म्हणून तर कृषी विभाग सोयाबीनला बीबीएफ यंत्रानं रुंद वरंबे पाडायला सांगतो. वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाणी बाहेर.

नियमकानून | २१ सप्टेंबर

नैसर्गिक वाहत्या पाण्याला कोणी अडथळा केला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते. रस्त्याच्या वादात लोक वापरतात तेच कलम.

गोदाकाठ | २१ सप्टेंबर

तहसीलला गेलात की शेजारी पाच वर्षं बोलणार नाही आणि नाला तसाच राहील. कपाशीचं हे एवढं बोंड पदरात पडू द्या त्याच्या. तोवर तुमच्याच हद्दीत धुऱ्याच्या कडेनं आडवी चारी खोदून पाणी पुढच्या नळीपर्यंत न्या. खर्च तुम्ही करा, कारण पैसा तुमच्याकडंय. चारीचा फायदा त्याच्याही वरच्या कोपऱ्याला होईल, मग भराव तो स्वतःच काढेल.

हरळीवाला | २३ सप्टेंबर

कालपासून पुन्हा धुवांधार. फोनवर बीड-धाराशिवकडचे व्हिडिओ बघवत नाहीत. भूम-परंड्याकडं कोणी असेल तर खुशाली कळवा.

मैदान बंद केलंय. पण पाऊस चालू असताना छत्री घेऊन फिरलो, त्याचा फायदा झाला. एरवी नकाशावर न दिसणारं पाणी आपणहून वाट दाखवतं. जिथं धार दिसली तिथं बांबूच्या काटक्या रोवल्या. दोन नंबरच्या टीमागं (पहिला फटका मारतात ती जागा) जो खोलगट भाग आम्ही बंकरमुळं समजत होतो, तिथं पाणी वरच्या रस्त्यावरून येतंय. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याची गटार आमच्या कुंपणापाशी आणून सोडून दिलीय.

रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, जाताना पोरांना गमबूट आणि काठी सक्तीची केलीय. बिळं पाण्यानं भरली की घोणस वर उंचवट्यावर येते, आणि आमच्याकडं उंचवटे म्हणजे ग्रीन.

परभणी_बीएस्सी | २३ सप्टेंबर

पाईपचं तोंड?

हरळीवाला | २३ सप्टेंबर

सापडेना अजून. ज्यानं ग्रीन बांधले तो ठेकेदार फोन उचलेना. नकाशावर पाईप नाल्यात सोडलेला दाखवलाय.

सीना_काठ | २५ सप्टेंबर

परंडा तालुक्यातून. आम्ही ठीक आहोत, जनावरं गेली काही. माती खरडून नेली नदीनं, खालचा मुरूम उघडा पडलाय. गोल्फ मला कळत नाही, पण धागा वाचतोय, कारण रान परत उभं करताना पाण्याची वाट आधी का नंतर हा प्रश्न आमचाही आहे.

परभणी_बीएस्सी | २५ सप्टेंबर

काका, आधी. माती भरायच्या आधी. गाळ टाकून रान सपाट केलं आणि वाट नंतर काढली तर पहिल्या पावसात गाळच वाटेनं जातो. तुमच्यासाठी वेगळा धागा काढतो, इथं हरवून जाईल.

हरळीवाला | २९ सप्टेंबर

नाथसागरातून मोठा विसर्ग चालूय, पैठणला नदीकाठच्या वस्त्या हलवायलेत. आमचं मैदान उंचावर आहे, गोदेचा धोका नाही. स्पर्धा रद्द. कमिटीला आपणहून कळलं, मला बोलावं लागलं नाही. कामाला येणारी दोन घरं पैठणची, त्यांची आठवड्याची हजेरी मालकांनी धरली, हे मात्र मोकळ्या मनानं सांगतो.

लातूर_क्युरेटर | २९ सप्टेंबर

मालकांना रामराम सांगा.

हरळीवाला | १६ नोव्हेंबर

बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून सविस्तर लिहितो.

पाईपचं तोंड सापडलं. नाल्याच्या काठावर, शेजाऱ्याच्या भरावाच्या मातीखाली, हात-दीड हात खोल. ग्रीनच्या कडेनं सळई ठोकत पाईपचा माग काढत गेलो. तोंडावरचा गाळ काढला तशी आधी काळी घाण आली, मग पाणी, आणि बराच वेळ धार चालू राहिली. म्हणजे ग्रीन बांधणाऱ्यानं वाळू बरोबर घेतली, खडी बरोबर घेतली, पाईपला उतारही बरोबर दिला, आणि तोंड अशा ठिकाणी ठेवलं की पहिल्याच मोठ्या पुरात बुजावं. जुने मातीचे सहा का वाचले हेही आता कळतं. त्यांच्या पोटात पाणी शिरतच नाही, पाठीवरून घरंगळून जातं.

तोंड मोकळं केल्यावर सात नंबर काट्याच्या फावड्यांनी टोचला, वरून धुतलेली वाळू झाडूनं भोकांत उतरवली. काळा पट्टा फिकट होत चाललाय. हिरवळ मात्र पूर्ण भरली नाही, आणि आता भरणारही नाही. रात्री गार पडायला लागल्या, हरळीची वाढ थंडावली. ते डाग फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत तसेच राहणार. लोकांनी युरिया टाका म्हणून सांगितलं, मी टाकला नाही. थंडीत हरळी तो खात नाही.

चार नंबरवर गोदाकाठ भाऊंनी सांगितलेली चारी खोदली. जेसीबी वाफसा आल्यावरच घातला. शेजारी पहिल्या दिवशी धुऱ्यावर उभा राहून बघत होता, दुसऱ्या दिवशी म्हणाला, माझ्या कोपऱ्यातूनच न्या, अंतर कमी पडेल. कपाशीची वेचणी झाली की भराव काढायचं कबूल केलंय. चारीचं पाणी सध्याच्या शेततळ्यात घेतोय, म्हणजे एप्रिलमध्ये बोअरवरचा भार थोडा हलका. पण तळं जुलैतच भरतं, म्हणून त्याला सांडवा दगडानं बांधून घेतला. नुसतं तळं केलं असतं तर पुन्हा तेच, फक्त जागा बदलली असती.

फेअरवेवर आता चिरे, म्हणजे पाणी काढायचे अरुंद चर, मारतोय. तीन बोट रुंद, फूटभर खोल, दीड-दोन मीटरवर एक. तळाशी बारीक खडी, वर अगदी गवतापर्यंत वाळू, आणि प्रत्येक चिरा आडव्या पाईपला जोडलेला. वरची माती अर्धा इंच जरी सांडून वाळूवर बसली तरी चिरा मेला, म्हणून खोदलेली माती पोत्यावर काढतोय. सगळं मैदान होणार नाही एवढ्या पैशात. चार नंबर आणि दोनची खोलगट बाजू, बस.

वाळूघाट | १६ नोव्हेंबर

वाळू कुठली वापरली? नदीची तर आता मिळते कुठं.

हरळीवाला | १७ नोव्हेंबर

घाटाची परवानगीची वाळू कमी आणि बिनपरवान्याची घ्यायची नाही असं ठरलेलं. चिऱ्यांना क्रशरची घेतली, पण दोनदा धुऊन. आपल्या काळ्या दगडाच्या चुऱ्यात भुकटी फार, न धुता भरली तर वर्षभरात घट्ट बसते. बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा, वर गाळाचा थर जाड दिसला तर गाडी परत पाठवा. मी एक पाठवली. ग्रीनला मात्र क्रशरची वापरली नाही, टोकदार असते, मशीनची पाती खराब करते.

गोदाकाठ | १७ नोव्हेंबर

शेजाऱ्याचं सोयाबीन गेलं असेल तर त्याला रब्बीच्या हरभऱ्याला एखादं पाणी द्या तळ्यातलं. बोलाचाली टिकते.

हरळीवाला | १७ नोव्हेंबर

बोलणं झालंय. इंजिन त्याचं, पाणी आमचं.

परभणी_बीएस्सी | १८ नोव्हेंबर

पाईपच्या तोंडाला जाळी लावली का? नाल्यातले खेकडे आत घुसतात.

हरळीवाला | १८ नोव्हेंबर

लावली. पण खेकडे आधीच आत होते. पोरांनी दोन दिवस कालवण केलं.